चावडीवरची आडवी रेघ

शालन,

आज सकाळी चावडी बघितली. तू बघायचीस तशीच, गॅसवर चहाचं आधण ठेवून, ते उकळायच्या आत. काय दिसलं ते शेवटी सांगते. तू म्हणाली असतीस, "ताई, आधी निकाल सांगा, मग कारणं." पण हे एकट्या तुझ्यासाठी नाही. माझ्या नातवंडांनी, ईशान आणि रेवाने, हे कधीतरी वाचावं अशी माझी इच्छा आहे. कधी ते त्यांची आई, माझी मुग्धा, ठरवेल. तोवर त्यांचं मराठी किती उरलं असेल कोण जाणे, म्हणून सोपं लिहिते आणि क्रमाने लिहिते. क्रम हा माझा आजार आहे, असं तूच म्हणायचीस.

तू माझी धाकटी जाऊ, त्यांची शालूआजी, एवढं मुलांना ठाऊक आहे. पिंपळे सौदागरच्या आपल्या सोसायटीत तुझं दार माझ्या दारासमोर, हेही त्यांनी पाहिलं आहे. त्यांची आई तुझ्या कडेवर वाढली हे त्यांना कोणी सांगितलं नसेल. मी दिवसभर शाळेत इंग्रजी शिकवायचे. तू लॉ कॉलेजात ग्रंथपाल, कॉलेज सकाळचं, दुपारी लायब्ररीला कुलूप घालून तू घरी. तेव्हा मुग्धाला शाळेतून आणणं, तिची वेणी, तिची तापाची औषधं हे सगळं तुझ्याकडे होतं. तुला मूल झालं नाही, याबद्दल आपण एकदाही बोललो नाही. आपल्या दोघींचे नवरे गेले तेव्हासुद्धा आपण बोललो ते गॅसच्या नंबराबद्दल आणि सोसायटीच्या टँकरबद्दल.

मग मुग्धाचा तो फोन आला. चाकणच्या कंपनीत इंजिनिअर असताना ती लग्न करून परदेशी गेली, ते दोन मुलं आणि एक मोडलेला संसार इथवर. मुलांच्या बाबांबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. ते त्यांचे बाबा आहेत. कायद्यापुरतं एवढंच, की ते तिथले नागरिक झाले होते, म्हणून मुलंही तिथली. मुग्धा तिथे राहत होती ती त्यांची पत्नी म्हणून. पत्नी नाही, तर राहायचं कशाच्या आधारावर?

"काकू, तू बघशील?" तिने तुला विचारलं. मला नाही, तुला. मी शेजारीच बसले होते.

"बघते," तू म्हणालीस आणि चष्मा पुसायला घेतलास.

तुझं ते बघणं मला तेव्हा नीट कळलं. मला वाटलं होतं, शोधयंत्रात प्रश्न टाकायचा आणि उत्तर वाचायचं. तू पहिल्याच दिवशी माझा हात बाजूला केलास. "ताई, हे कुणाचंही ऐकून सांगतं. आपल्याला मूळ कागद पाहिजे." मग तू एका मोठ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं पान उघडलंस. कुठल्या देशाचा कायदा कुठे सापडेल, याची ती देशवार वाट होती. बऱ्याच वाटा मोडलेल्या होत्या, दाबलं की पान सापडत नाही म्हणून पाटी यायची. तू कंटाळली नाहीस. "जुन्या कॅटलॉगसारखंच आहे. कार्ड आहे, पुस्तक गेलं. गेलं तर कुठे गेलं ते बघायचं."

आधी घटना. जगातल्या सगळ्या देशांच्या घटना एका ठिकाणी शेजारी शेजारी लावलेलं पान तू काढलंस. त्या देशाच्या घटनेत कुटुंबावर एक कलम होतं. कुटुंब हा समाजाचा पाया आहे, राज्य त्याचं रक्षण करील, मुलाला आईवडिलांच्या मायेचा हक्क आहे. फार सुंदर इंग्रजी होतं. मी ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "झालं की मग. घटनेतच आहे."

"कुठल्या भागात आहे ते बघा," तू म्हणालीस. "वरचं नाव वाचा."

वर लिहिलं होतं की या भागातली तत्त्वं राज्याला मार्ग दाखवण्यासाठी आहेत, कोर्टात लागू करता येणार नाहीत.

"शोकेसमधला कपबशीचा सेट," तू म्हणालीस. "पाहुण्यांना दाखवायचा. चहा त्यात प्यायचा नसतो."

शोधायचं तू आणि वाचायचं मी, अशी वाटणी पडली. दत्तू माणहून आला की तुझ्या सोफ्यावर बसून मजा बघायचा. तुझा धाकटा भाऊ, जमिनी गेल्यावर उरलेल्या तुकड्यावर आयटीच्या पोरांसाठी खोल्या बांधून बसलेला. एकदा म्हणाला, "आक्का, त्या देशात तलाठी हाय का?"

"आहे."

"मग काम व्हणार न्हाई."

"तो जेवायला जात नाही, दत्तू."

"मग कसला तलाठी."

कायदा सापडला तेव्हा आपण तिघांनी पेढे खाल्ले. घटस्फोट झाला तरी मुलांचा सांभाळ ज्या पालकाकडे आहे, त्याला मुलं सज्ञान होईपर्यंत देशात राहता येईल, असं स्वच्छ कलम होतं. मी मुग्धाला फोन लावायला निघाले. तू पेढा तोंडात धरूनच मान हलवलीस. तुला दुसरं काहीतरी दिसलं होतं. त्या कलमाच्या बाजूला एक छोटा पिवळा त्रिकोण होता. त्यावर दाबल्यावर दुसरा कायदा उघडला. त्या कायद्यात एकच ओळ आपल्या कामाची होती: अमुक कलम वगळण्यात येत आहे.

"पास झालाय," तू म्हणालीस. "पण लागू झालेला नाही."

मला तो फरक तोवर ठाऊक नव्हता. कायदा मंजूर होतो, त्यावर सही होते, तो छापला जातो, आणि तरीही तो पडून राहतो. त्याच्या शेवटच्या कलमात लिहिलेलं असतं की मंत्री ठरवतील त्या दिवशी हा अंमलात येईल. तो दिवस कधी, हे कुठेच लिहिलेलं नसतं. तू राजपत्राच्या पानावर एक तक्ता काढलास. एका रकान्यात कायद्याचं नाव, दुसऱ्यात मंजुरीची तारीख, तिसऱ्यात अंमलाची तारीख. तिसऱ्या रकान्यात तारखेच्या जागी एक आडवी रेघ होती.

"ही रेघ आहे तोवर पोरगी सुरक्षित," तू म्हणालीस.

त्या दिवसापासून तू त्या पानाला चावडी म्हणायला लागलीस. रोज सकाळी तू आधण ठेवून बसायचीस आणि मी समोरच्या दारातून विचारायचे, "चावडी बघितली का?" तू म्हणायचीस, "रेघ आहे." मग आपण चहा प्यायचो. खालून कंपन्यांच्या बस गेल्याचा आवाज यायचा, सोसायटीच्या मुलांची शाळेची गडबड, सगळं रोजचं. पण ती रेघ आपल्यामध्ये येऊन बसली होती. मला ती स्वप्नात दिसायची. आपल्या जिन्यात कोणी उभं राहिल्यासारखी. मी तुला सांगितलं तेव्हा तू हसली नाहीस.

चावडी हा शब्द कुठून आला ते मला ठाऊक होतं, अर्धवट. माणला तुझ्या वडिलांची शेती होती. त्यांना वाचता येत नव्हतं. जमीन संपादनाची कुजबुज सुरू झाली तेव्हा तू लग्न होऊन इथे आलेली होतीस, लायब्ररीत नोकरी करत होतीस. तरी दर शनिवारी एसटीने माणला जायचीस, चावडीवरच्या बोर्डावर काय लागलं आहे ते वडिलांना वाचून दाखवायला. वर्षानुवर्षं काही लागलं नाही. वडील म्हणायचे, "निस्ता कागद हाय, शाले. कागदानं काय हुतंय." मग एके दिवशी कागद लागला, हरकती घेण्याची मुदत लागली, आणि मुदत संपल्यावर मोजणीवाले आले. एवढं तू सांगितलं होतंस. मुदतीत हरकत का घेतली नाही, हे मी विचारलं होतं. "राहून गेलं," तू म्हणाली होतीस आणि दुधाचं पातेलं उतरवलं होतंस.

नव्या कायद्यात एक वाट मात्र ठेवलेली होती. ती तू शोधलीस, मी वाचली. अंमलाच्या दिवसाआधी जे अर्ज झाले असतील, त्यांचा निर्णय जुन्या कायद्याने होईल. म्हणजे रेघ आहे तोवर मुग्धाने अर्ज करायचा. मग रेघेच्या जागी तारीख आली तरी बिघडत नाही. मुग्धा तिथल्या एका वकीलबाईंना भेटून आली होती. त्या म्हणाल्या होत्या, इतकी घाई नाही, अशा कायद्यांना वर्षं लागतात, कागदपत्रं नीट करा. मुग्धाने त्यानंतर त्यांना गाठलं नाही. "तुम्ही दोघी बघताय ना," ती म्हणायची. "मग मला बरं वाटतं."

कागद एकच अडलेला होता, लग्नाच्या नोंदणीचा दाखला. पिंपरीच्या कार्यालयातून आला तो मुग्धाच्या इंग्रजी नावातला एच एक घर मागे सरकून. तिच्या पासपोर्टवर एक मुग्धा, दाखल्यावर दुसरीच कोणी. मी दुरुस्तीचा अर्ज दिला. कधी सर्व्हर बंद, कधी साहेब मीटिंगला. मी जात राहिले. माझं म्हणणं होतं, दाखला दुरुस्त होऊन येऊ दे, मग सगळा अर्ज एकदम, व्यवस्थित. तुझं म्हणणं होतं, अर्ज आधी, कागद मागून.

याच काळात ईशानचा तो व्हिडिओ कॉल झाला. त्याला शाळेत नागरिकशास्त्राचा प्रकल्प होता. तू त्याला त्याच्या देशाच्या संसदेची दोन सभागृहं समजावून सांगितलीस, कुठलं कलम कुठे आहे तेही. तो म्हणाला, "शालूआजी, आमच्या देशाचं कॉन्स्टिट्यूशन तुला कसं माहीत?" तू त्याला काहीतरी गमतीचं उत्तर दिलंस. फोन ठेवल्यावर मात्र म्हणालीस, "ऐकलंत ना? 'आमच्या' म्हणाला." मी म्हणाले, त्याचा जन्म तिथला, तो काय म्हणणार. तू म्हणालीस, "त्याचं बरोबरच आहे. त्याला तिथून कोणी काढणार नाही. काढतील ते एकटीला." दुसऱ्या दिवसापासून तू दिवसातून दोनदा चावडी बघायला लागलीस. राजपत्राच्या पानावर तू आपला फोन नोंदवून ठेवलास, रेघ बदलली की मेल येईल अशी सोय करून. मी म्हणाले माझाही नोंदव. तू म्हणालीस, "नको. चावडीला एकाच माणसाने जावं. दोघं गेले की दोघांनाही वाटतं, दुसऱ्याने वाचलं असेल."

आता ते भांडण. मुलांनी ते वाचलं तरी चालेल, कारण ते त्यांच्यासाठीच झालं.

सकाळची वेळ. मी देवपूजा करून उठले होते. तू दारात उभी राहून म्हणालीस, "अर्ज गेला."

"कुठला अर्ज?"

"मुग्धाचा. आत्ताच बोलणं झालं. तिने पाठवला."

"दाखल्याशिवाय?"

"आहे तो दाखला जोडलाय. दुरुस्त झालेला मागून पाठवता येईल."

"शालन, तो दाखला चुकीचा आहे. तो कुणीतरी मुघडा नावाच्या बाईचा आहे."

"मास्तरीणबाई, हा निबंध नाही. इथे शुद्धलेखनाचे मार्क नसतात."

"आणि हे तुझ्या लायब्ररीतलं पुस्तक परत करणं नाही, उशीर झाला तर दंड भरून सुटायला. एका वेळी एकच अर्ज करता येतो, हे तूच मला दाखवलंस. तो अपुरा म्हणून फेकला तर?"

"मागे घेऊन नवा करता येतो. तारखेच्या आधी."

"आणि तारीख आली तर?"

"म्हणूनच तर आधी घातला ना."

"आठ दिवस थांबली असतीस. साहेबांनी आठ दिवसांत देतो म्हणून सांगितलंय."

"साहेबांनी," तू म्हणालीस, आणि मग तुझा तो माणचा आवाज आला, जो तू या सोसायटीत कधी काढला नव्हतास. "जाऊबाई, आठ दिवसांत काय हुतं ते मला म्हाईत हाय. तुमाला न्हाई."

तू दार लावून घेतलंस. मी माझं लावलं. नंतरचे दोन दिवस आपण एकमेकींना चावडी विचारली नाही. मी कान देऊन ऐकायचे, तुझ्या गॅसचा लायटर वाजायचा, खुर्ची सरकायची. काही बोलायची नाहीस म्हणजे रेघ असेल, असं मी धरून चालले.

तिसऱ्या सकाळी करपल्याचा वास आला. मला वाटलं वरच्या मजल्यावरून येतो आहे. मग लक्षात आलं की लायटर वाजून बराच वेळ झाला. तुझ्या दाराची किल्ली माझ्याकडे असते. चहाचं पातेलं कोरडं होऊन काळं पडलं होतं. तू खुर्चीत होतीस, चष्मा कपाळावर. लॅपटॉप उघडा होता. गॅस बंद केला, तुला हलवलं, आणि मग, शालन, मी पडद्याकडे बघितलं. कुणालाही हाक मारण्याच्या आधी. रेघ होती.

डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. हे ते सगळ्यांनाच म्हणतात.

दत्तू आला, त्याची बायको आली, तुझं घर माणच्या माणसांनी भरलं. तुझा फोन सारखा वाजत होता. दत्तूने तो बंद करून कपाटात ठेवला. मी बघितलं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. गेलेल्या माणसाचा फोन वाजत राहणं कुणालाच सहन होत नव्हतं. मुग्धाला येता आलं नाही. अर्ज चालू असताना देश सोडला तर तो मागे घेतला असं धरतात, हेही तूच तिला वाचून दाखवलं होतंस. ती व्हिडिओवर तुझ्या फोटोकडे बघत बसायची. ती चावडीबद्दल बोलली नाही आणि मीही बोलले नाही. सुतकात मी देवाचं काही केलं नाही, बाहेर गेले नाही, आणि ते पान उघडावं असं मला एकदाही वाटलं नाही. पिंपरीच्या कार्यालयातून निरोप आला की दाखला दुरुस्त झाला आहे, घेऊन जा. मी म्हटलं, तेरावं होऊ दे.

दहाव्याला घाटावरून आल्यावर दत्तू माझ्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला आला. ओट्याला टेकून म्हणाला, "मोठ्या ताई, आक्कानं तुम्हाला कधी सांगितलं का, माणच्या हरकतीचं?"

"राहून गेलं म्हणाली होती."

"राहून न्हाई गेलं. ती दर शनवारी यायची. त्या टायमाला दोन शनवार आली न्हाई. कागद लागला, त्याच्यावर जत्रंतल्या कुस्त्यांचं पोस्टर लागलं, आमाला कुणाला कळलं न्हाई. आली तवा मुदत संपलेली."

"का नाही आली?"

"तुमच्या मुग्धाला कावीळ झालती की. दवाखान्यात आक्काच हुती तिच्यापाशी."

मला ते दिवस आठवले. मुग्धा सहावीत होती. माझ्या शाळेत परीक्षा चालू होत्या. तू म्हणाली होतीस, "ताई, तुम्ही जा पेपरांना, मी आहे." तेव्हा मी तुला विचारलं नव्हतं की तुला कुठे जायचं होतं का.

"वडील तिला कायबी बोलले न्हाईत," दत्तू म्हणाला. "पर आक्का त्यानंतर माणला आली की चावडीकडच्या रस्त्यानं जायची न्हाई. तिकडून वळसा घालून यायची." त्याने ग्लास विसळून पालथा ठेवला. "हरकत घेतली असती तरी जमीन ऱ्हायली असती, असं बी न्हाई म्हणा. शेजारच्यांनी घेतलीवती, त्यांची बी गेली."

तेरावं झाल्यावर माणसं गेली आणि मी तुझा फोन कपाटातून काढून चार्जिंगला लावला. कुणाकुणाला कळवायचं राहिलं असेल ते बघावं म्हणून. मेल एकामागून एक येत राहिल्या. त्यांत एक राजपत्राची होती.

मंत्र्यांनी दिवस ठरवला होता. मेल आली त्या दिवशी आम्ही तुझ्या दहाव्याची तयारी करत होतो. कायदा अंमलात आला तो तुझ्या तेराव्याच्या दिवशी. ज्या दिवसांत दुरुस्त दाखला पिंपरीच्या टेबलावर पडून होता, ज्या दिवसांत मुग्धाला जुना अर्ज मागे घेऊन पूर्ण अर्ज देता आला असता, ते सगळे दिवस फोन बंद होता. तू चावडीवर नव्हतीस तेव्हाच कागद लागला. दोन्ही वेळा. पहिल्या वेळी तू आमच्या मुग्धाच्या उशाशी होतीस. दुसऱ्या वेळी आम्ही सगळे तुझ्या फोटोपाशी.

मी मुग्धाला फोन केला. तिने दोन्ही तारखा पुन्हा विचारून घेतल्या. मग म्हणाली, "आई, काकूने पाठवायला लावलेला अर्ज आहे ना. तारखेच्या आधीचा आहे तो."

"आहे."

"मग तो झालाय ना? झालेला अर्ज म्हणजे तोच ना?"

दाखला मी दुसऱ्याच दिवशी आणला आणि पाठवला. तो कार्यालयाने घेतला, पण तारखेनंतर. आता सगळं एका शब्दावर आलं आहे, आणि तो शब्द माझ्या वाटणीचा. कायद्यात इंग्रजी 'मेड' असं लिहिलं आहे, 'मेक'चं रूप. तारखेच्या आधी 'मेड' झालेले अर्ज. तू असतीस तर आपण यावर एक अख्खी दुपार घालवली असती. पाठवलेला म्हटलं नाही, पोचलेला म्हटलं नाही, पूर्ण म्हटलं नाही. केलेला. पोळ्या केल्या असं आपण म्हणतो तेव्हा त्या भाजून झालेल्या असतात, नुसत्या लाटलेल्या नव्हेत. पण फोन केला असं म्हणतो तेव्हा पलीकडच्याने उचलला नाही तरी फोन केलेलाच असतो. मुग्धाचा अर्ज यातला कुठला? चाळीस मुलांच्या वर्गात मी हे क्रियापद शिकवत आले. मला उत्तर येत नाही.

म्हणून तुझ्या पद्धतीने बसले. त्या देशाच्या कोर्टांचे निकाल फुकट वाचता येतात ते पान उघडलं. कायद्याचं नाव, कलम, मग तो शब्द. खूप पानं आली. मी एकही वगळलं नाही. चौथ्या दिवशी सापडलं. एका माणसाचा अपुरा अर्ज होता, वेगळ्या कायद्याखाली, पण शब्द तोच. कोर्टाने म्हटलं होतं, अर्ज केला म्हणजे केला, कागद अपुरे असले तर ते मागून घ्यावेत. मी ते मुग्धाला वाचून दाखवणार होते. फोन हातात घेतला होता. मग तुझं आठवलं. निकाल सापडला की खूश व्हायचं नाही, त्याच्या पुढे काय झालं ते बघायचं.

पुढे असं झालं होतं की सरकार वरच्या कोर्टात गेलं. सुनावणी झाली. कोर्टाने निकाल राखून ठेवला आहे. त्या पानावरही एक तक्ता आहे, शालन. प्रकरणाचं नाव, सुनावणीची तारीख, निकालाची तारीख. शेवटच्या रकान्यात आडवी रेघ आहे.

तेव्हा आपलं भांडण संपलेलं नाही. वरच्या कोर्टाने केला म्हणजे केला म्हटलं, तर तुझ्या घाईने मुग्धा राहिली आणि माझ्या व्यवस्थितपणाने ती गेली असती. पूर्ण झाला तरच केला म्हटलं, तर तुझ्या घाईने हातातली वेळ घालवली, कारण अर्ज गेलाय म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो आणि दाखला वेळेत तयार असून पडून राहिला. मला तू बरोबर असायला हवी आहेस. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाशी भांडणात हरायचं आहे. माझी पूर्ण तयारी आहे. तू ऐकायला नाहीस, एवढंच.

मुग्धाने तिकडे काय सुरू केलं आहे ते मला रेवाकडून कळलं. "आजी, मम्मा माझं नाव सगळ्या कपड्यांवर शिवतेय. मी काय लहान आहे का?" मी म्हणाले, आईला हौस असेल. मुलांनो, हे वाचाल तेव्हा तुम्हाला कळेल की ती हौस नव्हती. तुम्हाला तिच्यावाचून राहावं लागलं तर, त्याची ती तयारी होती. निकाल कुठलाही लागला असला तरी एक लक्षात ठेवा. तुमची आई लहानपणी आजारी असताना जी दोन शनिवार तिच्या उशाशी बसली, ती तुमची शालूआजी. त्यापायी काय गेलं ते तिने तुमच्या आईला सांगितलं नाही. मला सांगितलं नाही. मी सांगते आहे.

शालन, तुझ्या त्या पातेल्याचा तळ काही केल्या निघाला नाही. घासून घासून हात दुखले. टाकवत नाही, म्हणून मी रोजचा चहा त्यातच करते. थोडा करपट लागतो. तुझा फोन बंद करणार नाही. या नव्या रेघेसाठीही तोच नोंदवला आहे, चावडीला एकाच माणसाने जावं म्हणून. फक्त आता तो माझ्या ओट्यावर असतो, आणि मी कुठे गेले की पदरात.

आज आधण उकळायच्या आत बघितलं. समोरचं दार बंद होतं, तरी सवयीने मोठ्याने म्हणाले.

रेघ आहे.